अमिगा ५०० आणि एलसीडी पडदा: ओएसएससी वर्षभर वापरल्यानंतर

माझ्या मामांनी १९८९ साली इंग्लंडहून पाठवलेला कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० आजही माझ्या टेबलावर आहे आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू होतो. त्याच्यासोबत वापरत असलेला काचेच्या नळीचा मॉनिटर मात्र काही वर्षांपूर्वी बंद पडला, आणि त्याच्या जागी एलसीडी मॉनिटर जोडता येईल या समजुतीने मी जे प्रयत्न सुरू केले, ते पूर्ण व्हायला बराच काळ गेला. अडचण अशी, की हा संगणक सेकंदाला सुमारे १५,६२५ आडव्या ओळी पाठवतो, तर बहुतेक एलसीडी मॉनिटरांची व्हीजीए जोडणी साधारण ३१,००० ओळींच्या आसपासपासून पुढचेच चित्र ओळखते. त्यामुळे तार बिनचूक जोडली तरी पडदा काळाच राहतो. मधे कोणीतरी दुभाष्या लागतो. ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजेच ओएसएससी, हा असा दुभाष्या आहे, आणि वर्षभर त्याच्यासोबत काम केल्यावर त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

त्याआधी मी जे दोन मार्ग वापरून पाहिले, ते थोडक्यात सांगतो, कारण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात. अमिगा ५०० च्या पाठीमागे एक कंपोझिट जोडणी आहे, पण ती फक्त कृष्णधवल चित्र देते. रंगीत कंपोझिटसाठी ए५२० हा वेगळा मॉड्युलेटर लागतो. तो मिळाला तरी कंपोझिटमध्ये रंगाची आणि उजेडाची माहिती एकाच तारेतून जाते, पाल या दूरचित्रवाणीच्या पद्धतीत रंगाची वाहक लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर असते, आणि त्या दोहोंना पुन्हा वेगळे करताना अक्षरांच्या बारीक कडा पुसल्या जातात. ऐंशी स्तंभांच्या मजकुरात एकाआड एक पिक्सेल उजळ-काळा असेल, तर ती कंपने ७ मेगाहर्ट्झच्या घरात जातात. कंपोझिटमधून ती शाबूत बाहेर येण्याची आशाच नको. दुसरा मार्ग म्हणजे स्कार्ट, म्हणजे युरोपातल्या टीव्हींची जुनी जोडणी, घेऊन एचडीएमआय देणारा एक स्वस्त डबा. त्याने रंग दिले, पण प्रत्येक चित्र आधी स्मृतीत साठवून मग पुढे पाठवण्याची त्याची रीत असल्याने माउस हलवला की बाण थोडा उशिरा हलत असे, आणि अक्षरे पाण्यात भिजलेल्या कागदावर लिहिल्यासारखी दिसत. त्या डब्याला सेटिंगच नव्हती. जे दिसेल ते मुकाट्याने पाहायचे.

ओएसएससीची रचना मार्कस हिएनकारी यांनी केली असून तिचे आराखडे आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले आहेत. आत अ‍ॅनालॉग चित्राचे अंकांत रूपांतर करणारी टीव्हीपी७००२ ही चिप आहे आणि पुढचे काम सायक्लोन जातीची एफपीजीए, म्हणजे आतली रचना हवी तशी बदलता येणारी चिप, करते. या यंत्राचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: आलेली प्रत्येक ओळ ते टिपते आणि दुप्पट, तिप्पट, चौपट किंवा पाचपट वेगाने तितक्याच वेळा पुन्हा बाहेर पाठवते. संपूर्ण चित्र कुठेही साठवले जात नाही, फक्त काही ओळी साठवल्या जातात. एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद लागतात, त्यामुळे यंत्रामुळे होणारा उशीर एका मिलिसेकंदाच्याही पुष्कळ आत राहतो. मॉनिटरचा स्वतःचा उशीर असेल तेवढाच उरतो. माउसचा बाण पुन्हा हाताबरोबर हलू लागला, तेव्हा केवळ या एका गोष्टीसाठी मी हे यंत्र ठेवले असते.

जोडणीबद्दल थोडे. यंत्राला तीन प्रवेश आहेत: पहिला स्कार्ट, दुसरा तीन आरसीए खाचांचा आणि तिसरा व्हीजीएसारखा पंधरा पिनांचा. कंपोझिट किंवा एस-व्हिडिओ ते घेत नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात ठेवावे. स्कार्ट आपल्याकडे कधी रुजलेच नाही, त्यामुळे मी तिसरा प्रवेश निवडला. अमिगाची चित्रजोडणी तेवीस पिनांची आहे आणि त्या मापाचे कनेक्टर आता सहज मिळत नाहीत. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून पंचवीस पिनांचा कनेक्टर आणून, त्याची दोन पिनांची बाजू हॅक्सॉने कापून आणि कानशीने घासून मी तो बसवला. तिसरी, चौथी आणि पाचवी पिन अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग देतात आणि दहावी पिन एकत्रित सिंक, म्हणजे ओळ आणि चित्र कुठे सुरू होते त्याची खूण, देते. बाविसाव्या पिनेवर १२ व्होल्ट असतात, तेव्हा ही तार जोडताना किंवा काढताना संगणक बंदच असला पाहिजे; येथे घाई केली तर न मिळणारी चिप जळते.

तारेवर मी जितका वेळ घालवला, तितका यंत्रावरही घालवला नसेल, आणि तो सत्कारणी लागला. पहिली तार मी जुन्या प्रिंटरच्या केबलमधून काढलेल्या साध्या तारांची केली होती. चित्र आले, पण प्रत्येक उभ्या कडेच्या उजवीकडे एक फिकट सावली आणि काळ्या भागात हलकी तिरपी जाळी दिसत होती. पहिल्याचे कारण अवरोधाचा मेळ नसणे: संगणकाचे रंग ७५ ओहमच्या तारेसाठी आणि ७५ ओहमच्या टर्मिनेशनसाठी, म्हणजे तारेच्या शेवटी असलेल्या रोधकासाठी, आखलेले असतात, आणि मधली तार वेगळ्या स्वभावाची असेल तर सिग्नलचा काही भाग परत फिरून पुन्हा येतो. दुसऱ्याचे कारण सिंकची तार: तिच्यावर ५ व्होल्टांच्या घरातले तीक्ष्ण स्पंद धावतात आणि शेजारच्या ०.७ व्होल्टांच्या नाजूक रंगांत ते मिसळतात. दुसऱ्या तारेत मी प्रत्येक रंगासाठी वेगळी ७५ ओहमची कोॲक्स वापरली, प्रत्येकीचे धातूचे आवरण दोन्ही टोकांना ग्राउंडला जोडले आणि सिंकसाठीही वेगळी आवरणाची तार घेतली. सावली आणि जाळी दोन्ही गेल्या. स्कार्ट प्रवेश वापरणाऱ्यांनी सिंकच्या तारेत सुमारे ४७० ओहमचा रोधक घालावा. ७५ ओहमच्या टर्मिनेशनवर मग ५ व्होल्टांचे साधारण ०.७ व्होल्ट उरतात. एकाच वेळी दोन यंत्रे जोडण्यासाठी साधी दुहेरी तार करू नये, हेही सांगून ठेवतो. दोन टर्मिनेशने समांतर आली की ०.७ व्होल्टांचे ०.४७ होतात आणि चित्र संध्याकाळ झाल्यासारखे मंद पडते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अ‍ॅनालॉग चित्रात पिक्सेल नावाची वस्तू तारेवरून जात नाही. जातो तो वर-खाली होणारा दाब. पिक्सेल होते ते संगणकाच्या आत, आणि ते पुन्हा घडवायचे काम टिपणाऱ्या यंत्राचे असते. एका ओळीच्या काळात किती वेळा मोजायचे आणि नेमके कोणत्या क्षणी मोजायचे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर सगळी स्पष्टता अवलंबून आहे. पाल अमिगा उच्च पृथक्करणात सुमारे १४.१९ मेगाहर्ट्झने पिक्सेल पाठवतो, म्हणजे एका संपूर्ण ओळीत ९०८ पिक्सेल बसतात. त्यांतले ६४० आपल्याला मजकुराच्या चौकटीत दिसतात आणि बाकीचे कडा व सिंक यांत जातात. ओएसएससी मात्र या जातीच्या चित्रासाठी सुरुवातीला ८६४ हा आकडा धरते, कारण दूरचित्रवाणीच्या १३.५ मेगाहर्ट्झच्या मानकात तोच येतो. दोहोंत ४४ चा फरक आहे. याचा परिणाम असा, की प्रत्येक ओळीत ४४ ठिकाणी मोजणीचा क्षण दोन पिक्सेलांच्या मधोमध पडतो, आणि त्यांतली सुमारे ३१ ठिकाणे दिसणाऱ्या चौकटीत असतात. अमिगाचा टोपाझ हा टंक आठ पिक्सेल रुंद आहे, म्हणजे साधारण दर अडीच अक्षरांमागे एकदा हा प्रकार घडतो: एखाद्या अक्षराचा उभा दांडा जाड, पुढच्याचा बारीक, तिसऱ्याचा करडा. देवनागरीत काना कुठे ठसठशीत आणि कुठे पुसट छापला गेला तर डोळा जसा दर ओळीत अडखळतो, तसेच इथे होते, आणि कारण माहीत नसले की माणूस मॉनिटरला दोष देतो.

ओएसएससीचे खरे मोल येथे आहे, कारण हा आकडा ती आपल्या हातात देते. रिमोटवरून प्रगत टायमिंगच्या यादीत जाऊन मी ८६४ चे ९०८ केले. हे अंदाजाने करण्याची गरज नाही. अमिगा बेसिकमध्ये छोटा प्रोग्राम लिहून मी ६४० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर एकाआड एक काळ्या आणि पांढऱ्या उभ्या रेघा काढल्या. आकडा चुकीचा असेल तेव्हा या जाळीवर करड्या रंगाचे उभे पट्टे दिसतात, आणि पट्ट्यांची संख्या म्हणजेच आपली चूक असते. ९०७ ठेवले तर संपूर्ण ओळीत एकच पट्टा उरतो, ९०८ वर तोही जातो. एकेक पायरी चढत गेल्यावर पट्टे रुंद होत, विरळ होत आणि शेवटी नाहीसे होत जातात, हे पाहणे मला फार समाधानाचे वाटले. एका यंत्राच्या घड्याळाची चाल दुसऱ्या यंत्राला हळूहळू सापडत असल्याचे ते दृश्य आहे.

पट्टे गेले म्हणजे काम संपले असे नाही. आता प्रत्येक पिक्सेलमागे एकच मोजणी होत आहे, पण ती पिक्सेलच्या मध्यावर होते की कडेवर, हे फेज ठरवते. टिपणाऱ्या चिपमध्ये फेजच्या ३२ पायऱ्या आहेत, म्हणजे प्रत्येक पायरी सव्वाअकरा अंशांची. अमिगाचा एक उच्च पृथक्करणाचा पिक्सेल सुमारे ७० नॅनोसेकंद टिकतो, तेव्हा एक पायरी म्हणजे दोन नॅनोसेकंदांहून किंचित जास्त. फेज चुकली की जाळी सर्वत्र सारखीच मळकट दिसते आणि काही रेघा थरथरतात; नीट बसली की काळा काळा होतो आणि पांढरा पांढरा. मी अशी पद्धत ठेवली आहे, की थरथर सुरू होते त्या दोन टोकांच्या पायऱ्या शोधाव्यात आणि त्यांच्या बरोबर मध्यावर थांबावे. केवळ डोळ्यांना चांगली दिसणारी पहिली पायरी निवडली, तर संगणक तापल्यावर चित्र पुन्हा थरथरू शकते. तार बदलली तर फेज पुन्हा तपासावी लागते.

तिसरी गोष्ट गाळणीची. प्रवेशावरच्या गाळणीला ९, १६, ३५ मेगाहर्ट्झ असे टप्पे आहेत. ९ मेगाहर्ट्झवर अमिगाचा उच्च पृथक्करणाचा मजकूर स्पष्टपणे मऊ होतो, कारण कडा तीक्ष्ण ठेवणाऱ्या वरच्या कंपनांना ती वाटच देत नाही. तार चांगली असेल तर गाळणी बंद ठेवणे किंवा ३५ वर ठेवणे मला पटले. तार सुमार असेल तर मात्र १६ वर थोडी खरखर कमी होते. तरीही दोष तारेत असताना तो गाळणीने झाकू नये, असे माझे मत आहे.

एवढे सगळे जमल्यावर जे चित्र आले, त्याचे वर्णन मी एवढेच करीन, की वर्कबेंचच्या, म्हणजे अमिगाच्या मुख्य पडद्याच्या, खिडक्यांच्या कडा पहिल्यांदा मला कडा म्हणून दिसल्या. ऐंशी स्तंभांतले प्रत्येक अक्षर सारखे आहे. निळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती कोणतीही किनार नाही. जुन्या काचेच्या मॉनिटरवर हे इतके कोरीव कधीच नव्हते. तिथला मऊपणा वेगळा आणि सुंदर होता, पण तासभर प्रोग्राम लिहायचा असेल तर मी आज हेच चित्र निवडतो.

दोष सांगणेही आवश्यक आहे, आणि सर्वांत मोठा दोष यंत्राच्या गुणातूनच आलेला आहे. चित्र साठवायचेच नाही असे ठरवल्यामुळे सेकंदाला ५० चित्रे आत आली तर ५०च बाहेर जातात. पुष्कळ संगणकीय मॉनिटर ६० च्या खालची गती स्वीकारत नाहीत. माझ्या घरच्या तीन मॉनिटरांपैकी एकाने चित्र निमूटपणे दाखवले, एकाने मर्यादेबाहेर असल्याचा संदेश दिला, आणि एकाने चित्र दाखवूनही आतल्या आत ६० मध्ये बदलल्यामुळे आडवी सरकणारी दृश्ये ठरावीक अंतराने दचकत होती. भारतात दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण पाल पद्धतीचे आणि सेकंदाला ५० क्षेत्रांचे, म्हणजे अर्ध्या चित्रांचे, होते, त्यामुळे इथे विकल्या गेलेल्या टीव्हींना ५७६ ओळींचे ५० हर्ट्झचे चित्र सहसा ओळखीचे असते. टीव्ही वापरणार असाल तर त्याची खेळांसाठीची सेटिंग चालू करावी आणि चित्र सुधारण्याच्या सर्व करामती बंद कराव्यात. तिप्पट, चौपट आणि पाचपट ओळींची चित्रे दुपटीपेक्षा अधिक रेखीव दिसतात, पण ती स्वीकारणारे मॉनिटर आणखी कमी. हे यंत्र घेण्याआधी आपला मॉनिटर ५० हर्ट्झ घेतो का, हे तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा दोष इंटरलेस चित्राचा. अमिगात ६४० बाय ५१२ चे चित्र सम आणि विषम ओळी आलटूनपालटून पाठवून तयार होते. ओएसएससीकडे पूर्ण चित्राची स्मृती नसल्याने ती या दोन क्षेत्रांची नीट सांधणी करू शकत नाही; आडव्या बारीक रेघा वर-खाली लुकलुकत राहतात. जुन्या मॉनिटरवरही त्या लुकलुकत असतच, आणि म्हणूनच कमोडोरने १९९० च्या अमिगा ३००० मध्ये अंबर ही वेगळी चिप घातली होती. पण एलसीडीवर हे अधिक खुपते. त्याच परिवारातल्या नंतरच्या ओएसएससी प्रो या यंत्रात चित्र साठवण्याची सोय आहे. ज्यांचे काम इंटरलेसमध्येच चालते त्यांनी तिकडे पाहावे.

यंत्राची हाताळणी नवख्या माणसाला जड जाते, हेही खरे. दोन ओळींच्या छोट्या पडद्यावर संक्षिप्त इंग्रजी शब्द येतात आणि त्यांचा अर्थ माहीत नसेल तर पहिला आठवडा गोंधळात जातो. एकदा जमलेल्या सेटिंग प्रोफाइलमध्ये जतन करता येतात, एवढा दिलासा आहे. मी प्रत्येक प्रोफाइलचे आकडे एका वहीतही लिहून ठेवले आहेत.

अमिगाखेरीज मी दोन संगणक जोडून पाहिले. अटारी एसटीचे मध्यम पृथक्करण १६ मेगाहर्ट्झच्या जवळपास चालते आणि एका ओळीत १०२४ पिक्सेल बसतात. तो आकडा देताच चित्र स्वच्छ झाले, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. दुसरा होता जुना ४८६ पीसी, आणि त्याने मला चकित केले. हा संगणक व्हीजीए देतो, तेव्हा तो कोणत्याही एलसीडीला थेट जोडता येतो आणि दुभाष्याची गरजच नाही, असे मी धरून चाललो होतो. पण डॉसचा मजकूर ७२० बाय ४०० मध्ये असतो आणि त्याच्या ओळींची गती व पडद्याची गती ६४० बाय ४०० च्या चित्राइतकीच असते: दोन्हींत ३१.४७ किलोहर्ट्झ आणि ७० हर्ट्झ. फरक फक्त पिक्सेलच्या घड्याळात आहे, एकात २८.३२ मेगाहर्ट्झ आणि ओळीत ९०० पिक्सेल, दुसऱ्यात २५.१८ मेगाहर्ट्झ आणि ८०० पिक्सेल. घड्याळ काही तारेवरून जात नाही. मॉनिटरला सिंकवरून दोहोंतला भेद कळायला मार्ग नाही, म्हणून तो अंदाज बांधतो, आणि माझ्या मॉनिटरचा अंदाज नेहमी ६४० चाच असे. नऊ पिक्सेलांची अक्षरे आठांच्या मापात कोंबली जात होती. एके काळी आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत लोकांनी याच मजकुराकडे पाहत दिवस काढले, आणि तो मुळात किती नेटका होता हे ओएसएससीत ९०० हा आकडा टाकल्यावर मला पुन्हा दिसले. ७० हर्ट्झ स्वीकारणारा मॉनिटर मात्र इथेही हवाच.

पर्याय म्हणून आरजीबी-टू-एचडीएमआयचा उल्लेख करायला हवा. रास्पबेरी पाय झिरोवर चालणारी ही जोडणी अमिगा ५०० च्या आत डेनीज या चित्र घडवणाऱ्या चिपखाली बसवता येते आणि रंगांची बारा बिटांची माहिती अ‍ॅनालॉग होण्याआधीच उचलते. म्हणजे वर मी तार, फेज आणि गाळणी यांविषयी जे जे लिहिले, त्याचा प्रश्नच उरत नाही. ज्याच्याकडे फक्त अमिगा आहे आणि संगणक उघडून चिप काढण्याची ज्याला भीती वाटत नाही, त्याला मी तोच मार्ग सुचवीन. तो स्वस्तही पडतो. माझ्याकडे तीन वेगवेगळे संगणक आहेत, त्यांतला एक मामांची आठवण आहे आणि त्याच्या पस्तिशी ओलांडलेल्या बोर्डावरची चिप उपसण्याची माझी तयारी नाही. म्हणून मी ओएसएससी घेतली.

सध्या पहिल्या प्रोफाइलवर अमिगा आहे, ९०८ आणि फेज १४६ अंश. दुसऱ्यावर एसटी आणि तिसऱ्यावर डॉस. गेल्या महिन्यात टेबलाची जागा बदलल्यामुळे मला दीड मीटरची तार काढून तीन मीटरची नवी करावी लागली आणि अमिगाच्या काही रेघा थरथरू लागल्या. जाळीचा प्रोग्राम अजून फ्लॉपीवर होता. तो चालवला, दोन्ही टोके पुन्हा शोधली, फेज १६८ वर आणली आणि वहीतला जुना आकडा खोडून नवा लिहिला.